बाबाची ढोलकी आन घड्यातला स्पीकर

सानगडी,
९ एप्रिल १९८४

तीर्थरूप हिरालाल मामाजी,

तुमाले आन मामीले इश्वरचा वाकून नमस्कार. मामीचे गुडघे आता कसे आहेत? फॅक्टरीच्या बसमंधी तुमाले बसाले जागा भेटते का अजून उभ्यानंच जाऊन राहिले? इकडे आमी सारे मजेत आहो. (आई वेगळं सांगन. तिले विचारू नका.)

तुमी लिहिलं का येत्या इतवारी नागपूरले जाऊन राहिलो, तुह्या टेपाले कोणता स्पीकर आणू, लाकडी पेटीचा का भिंतीले टांगाचा. त्याचंच उत्तर लिहून राहिलो, पण सरळ उत्तर देता आलं असतं तं मी बी.ए. कायले केलं असतं?

तुमाले आठवते, परारच्या साली दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरली, तवा बाबानं दंडारीच्या नाचात रातभर ढोलकी वाजवली आन मी ते टेप केली. त्याच्यानंतर बैलगाडीवरून पडून बाबाचा उजवा हात मोडला. हाड जुळलं, पण ढोलकी काही खुंटीवरून उतरली नाही. मी म्हटलं, बाबाले त्याचीच ढोलकी आयकवू, हात शिवशिवन. आयकवली. टेपातला स्पीकर पुरीएवढा, त्यातून बाबाची ढोलकी अशी निंगाली का बाबा म्हणे हा कोण टिनाचा डब्बा बडवून राहिला. मी म्हटलं तुमीच. दोन दिवस माह्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी आईजवळ म्हणे, मी असाच वाजवत असन तं हात मोडला तेच बरं झालं.

आता सांगा, मी गप कसा बसू? साकोलीच्या रेडिओवाल्याकडून एक मोठा मोकळा स्पीकर आणला. (मोकळा म्हणजे नुसती कागदाची वाटी आन मांगं चुंबक.) तेलाच्या पिप्यात ठेवला, तं लग्नातला बँड झाला. धान साठवाच्या ढोलीत ठेवला, तं आवाज धानातच मुरला आन उंदरं बाहीर आले. रेडिओवाला म्हणे, मातीच्या घड्यात बसव, आवाज भरते. मंग मी सायकलीवर टेप, तार, सेल घेऊन बायजाबाई कुंभारणीच्या दारात गेलो आन अकरा घड्यांत दंडार वाजवून पाह्यली. अर्धं गाव गोळा झालं. बायजाबाई बराच वेळ पाहत होती, मंग उठली, बोटाच्या पेरानं एकेक घडा ठोकला आन एक माह्या हातात दिला. म्हणे, "हा ने बापू. बाकीचे रडतेत, हा बोलते."

घरी आलो. स्पीकर शेल्यात गुंडाळून घड्यातच ठेवला होता. घडा ओसरीवर ठेवला आन सायकलीवरून टेप सोडाले गेलो. तेवढ्यात आईनं पाह्यलं का घरात नवा घडा आला, आन रिकामा आला. आपल्याकडे रिकामा घडा उंबरठ्याच्या आत येत नाही. (हे बी.ए.ले शिकवत नाही.) तिनं आत न पाहताच हळदकुंकवाची बोटं ओढली आन पितळी गुंडभर पाणी वतलं. मी आलो तवा स्पीकर वरणातल्या पापडावानी झाला होता.

बाबा हासले. लय दिवसांनी हासले. मंग पाणी सांडून घडा मांडीवर घेतला, कुठं तडकला तं नाही म्हणून ठोकून पाह्यला. एकदा ठोकला, दोनदा ठोकला. मंग डाव्या हाताची थाप पडली आन जरा वेळानं उजवा हात न सांगता आला. मी पटकन टेपाचं रेकॉर्डिंगचं बटन दाबलं. अर्धा घंटा वाजवलं, मामाजी. आईचा भात करपला, पण ती चुलीजवळ गेली नाही. शेवटी घाम पुसत बाबा म्हणे, "आयक इश्वर. हा मी होय."

तवा स्पीकर आणू नका. आमचं काम झालं.

तुमचा,
इश्वर

ता.क. स्पीकर आणजा, पेटीवालाच. बाबा म्हणते, चांगल्या स्पीकरात मंडईची दंडार एकदा आयकाची आहे, तवा बरं वाजवत होतो का आता, ते पाहाचं आहे. रोज सकाळी विचारते, हिरालाल कवा येते.

ता.क. दुसरा, हे बाबापुढं बोलू नका. घाईत बटन दाबलं तवा टेपात दंडारीचीच कॅसेट होती. आता तिच्यात घडा आहे. मामीनं तिची कॉपी करून नेली होती, ते आधी धाडजा. स्पीकर दोन महिने उशिरा आला तरी चालन. आन मामीनं तिच्यावर दुसरं काही भरलं असन, तं ते मले इतक्यात कळवू नका.