मार्गारेटबाईंचं काम आमच्या घाटकोपरात

प्रिय भीमराज मामा,

घाटकोपरहून तुमच्या प्रांजलचा मनापासून जय भीम. गुडघा कसा आहे? तेल रोज लावत असालच. (नसाल, तर मामी मला फोन करून सांगतेच.) इकडे सगळे मजेत.

तुम्ही विचारलं होतं, पोरगी दिवसभर घरात बसून कसली नोकरी करते? मामा, मी इंग्लंडच्या एका विमा कंपनीचे नुकसानभरपाईचे अर्ज तपासते. तिकडे थंडीत पाइप फुटतात आणि लोकांचे गालिचे भिजतात. (आपल्याकडे पाइपात पाणी असेल तर फुटणार ना!) हे काम वीस वर्षं मार्गारेटबाई करत होत्या. करोनात त्या घरून करू लागल्या आणि कंपनीच्या साहेबांच्या लक्षात आलं, की घरूनच करायचं तर घर घाटकोपरातलं स्वस्त पडतं. मला शिकवायला बाईंना सहा महिने दिले, शिकवून झालं की त्यांची नोकरी संपली. आता कॅमेऱ्यातून बाई बघतात म्हणून बाबा पाणी प्यायलासुद्धा इस्त्रीचा शर्ट घालून उठतात. आई म्हणाली, "अगं, तिच्या पोटावर पाय देतेयस, निदान जेवलात का विचार तरी!" तेव्हापासून रोज विचारते. बाई फार मायाळू, फक्त शिकवतात भलत्या सावकाश. एकच गोष्ट तीनदा सांगतात, मग चहाला उठतात. सहा महिन्यांचे अकरा झाले, अजून शिकवणं चालूच आहे.

पण माझं मन खात होतं. घरातली पहिली पदवीधर मी. ती पदवी काय अन्याय बघत गप्प बसायला घेतली? सरळ साहेबांना पत्र लिहिलं: घर तिकडे असो की घाटकोपरात, काम तेच होतं, मग बाईंचं का काढता? साहेबांना फार पटलं. बैठकीत वाचून दाखवलं आणि म्हणाले, खरंय, मग घाटकोपर तरी कशाला? आता माझं काम तालुक्याच्या गावी, आपल्या मेहकरलाच जाणार. मला आनंदच झाला, मामा. गावातल्या मुलींना गावातच नोकरी, आणखी काय हवं? जाहिरात मीच घरच्या ग्रुपवर टाकली.

तुमची भाची,
प्रांजल

ता. क. तुमच्या श्वेताची निवड झाली! सगळ्या मेहकरला पेढे वाटा. सोमवारपासून तिला मीच शिकवणार, सहा महिने.

ता. क. २. हे सांगितल्यावर मार्गारेटबाई पोट धरून हसल्या आणि पहिल्यांदाच एक गोष्ट एका दमात शिकवली. मामा, श्वेता लहानपणापासून हुशार. तिला एवढंच समजवा, की ताई एकच गोष्ट तीनदा सांगेल, मग चहाला उठेल. तिनेही उठावं.