मालनच्या फोटोला हार आणि पानाला गिऱ्हाईक नाही

भाट्ये, रत्नागिरी
९ एप्रिल २००७

आदरणीय केरूदादा यांस,

भाट्याहून सदाशिवचा नमस्कार. तुमचा गुडघा आता होडीत चढू देतो का, ते कळवावे. वहिनींना नमस्कार व मुलांना आशीर्वाद. इकडे मी ठीक आहे. जेवतो, झोपतो, आणि आमच्या मनिषाच्या सांगण्यावरून एक नवीन उद्योग करतो, त्याबद्दलच लिहितो आहे.

तुम्हाला ठाऊकच आहे, तुमची बहीण मालन गेल्यापासून आमच्या ओटीवरची सुक्या मासळीची विक्री थांबली. मी जन्मभर ऑफिसात कागद लावले, मला कुणाला काही विकता येत नाही. (एकदा मालन आंघोळीला गेली असताना एका बाईंनी सोडे कसे आहेत म्हणून विचारलं, तर मी म्हटलं, कोळंबी सोलून वाळवलेली आहे. त्या गेल्या.) पण तिला माल देणाऱ्या गंगा आणि काशी अजून मालनसाठी म्हणूनच सोडे वाळवून आणतात. आगोटीच्या आत, म्हणजे लोक पावसाळ्याचं भरून ठेवतात तेवढ्यात, ते खपले नाहीत तर दमट होतील, आणि त्या दोघी दुसरा व्यापारी बघतील. मग मालनचं काहीच उरणार नाही.

मनिषा पुण्याला ज्या कंपनीत आहे तिथे इंटरनेटची पानं बनवतात. तिने आईच्या सोड्यांचं एक पान केलं. याला लँडिंग पेज म्हणतात. माणूस फिरत फिरत जिथे पहिल्यांदा उतरतो ते पान, म्हणजे आपला बंदरावरचा धक्काच समजा. उतरलेल्या पाहुण्याचं गिऱ्हाईक झालं पाहिजे, एवढंच त्या पानाचं काम. तिचे नियम कडक आहेत. वर विश्वास वाटेल असा चेहरा, मध्ये माल, खाली मागणीचं एकच बटण. मी दोन कागद भरून मजकूर दिला होता, तिने तीन ओळी ठेवल्या. मला ते पटेना, कारण मालनची रीत उलटी होती. गिऱ्हाईक आलं की ती आधी म्हणायची, "आवो, बसा जरा. मासळी काय पळून जात नाय, मेलेलीच हाय." मग गाव, मग सासर, मग सासूची तब्येत. पाव किलोला आलेली बाई किलो घेऊन आणि डोळे पुसून जायची. तिन्हीसांजेला ओटीवर बायकांचा तो आवाज असायचा आणि मी आत पेपर वाचायचा प्रयत्न करायचो. आता पेपर पूर्ण वाचून होतो.

चेहरा म्हणून मी भिंतीवरचा फोटो घेऊन मारुती मंदिराजवळच्या इंटरनेट कॅफेत स्कॅन करायला गेलो. मालक म्हणाला, "काका, हार बाजूला करू?" मी म्हटलं, असू दे. (चंदनाचा आहे, मनिषाने आणलेला.)

पान चालू झालं. त्यावर येणाऱ्यांचा आकडा रोज वाढू लागला. कुवेतहून, दुबईहून, मुंबईहून माणसं येत. मागणी एकही नाही. मनिषाने बटण हिरवं केलं, मग लाल केलं, मग मोठं केलं. शेवटी कुवेतहून झरीन नावाच्या मुलीचा निरोप आला. मूळची इथलीच, लग्न होऊन तिकडे जाताना मालनकडून सोडे नेले होते. मावशी गेल्याचं कळलंच नाही, फार वाईट वाटलं, असं तिने लिहिलं. मी विचारलं, सोडे हवेत का. तिचं उत्तर, "चाचा, अशा घरातून काय मागायचं?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आपण तरी काय करतो, दादा? हार घातलेला फोटो दिसला की खाली मान घालून बसतो, आणि न बोलता उठतो. चहासुद्धा घेत नाही. तो आकडा गिऱ्हाइकांचा नव्हता, समाचाराला येणाऱ्यांचा होता. खरं सांगायचं तर मला त्याचं बरंही वाटलं.

मनिषाला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, हार मला पहिल्याच दिवशी दिसला होता."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही काढला नव्हतात, म्हणून."

मग तीच म्हणाली, आईऐवजी सोड्यांच्या भाताचा फोटो लावू का. मी नको म्हटलं.

असो. पत्र लांबलं. सर्वांना नमस्कार सांगावा.

आपला,
सदाशिव

ता. क. – बुरोंडीच्या शिमग्यातला एक फोटो तुमच्याकडे आहे. त्यात मालन हात वर करून, तोंड उघडं टाकून तुमच्याशी पापलेटच्या भावावरून भांडते आहे. तो तिने आमच्या घरात कधी ठेवू दिला नाही. हाराशिवायचा आणि बोलत असलेला तिचा तेवढाच एक. तो द्याल का? पत्र त्यासाठीच लिहिलं.

ता. क. २ – फोटोत तुम्हीही आहात, बरेच घाबरलेले. मनिषा म्हणते, पानावर एकच चेहरा हवा, मामाला कापू. मी तिला सांगितलं, मामा राहू दे. समोर कुणी असल्याशिवाय तुझी आई बोलायची नाही.