खिडकीजवळचे टेबल, दाराजवळचे टेबल

६ जून

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

पत्र पावले. प्रयोगशाळांतली माणसे कशी काम करतात, हे नुसते पाहण्याचा पगार मिळतो, यावर तुझ्या आईचा अजून विश्वास नाही. हे काम आपण इतकी वर्षे फुकट करत आलो, असे तिचे म्हणणे.

तुमच्या पाहणीत आता आपला भुंगा काम करत असे ती प्रयोगशाळा आली आहे, म्हणून विचारतो. तुझा हा भाऊ तापाने गेला, त्याला वर्ष झाले. 'दुपारी आम्ही सगळे एकत्र जेवतो,' असे तो प्रत्येक पत्रात लिहीत असे. त्याच्या शेजारी कोण बसत असे, एवढे कळव. त्या व्यक्तीला आभाराच्या दोन ओळी लिहीन म्हणतो.

आईचा गुडघा कुरकुरतो, बाकी ठीक. प्रकृतीस जपावे.

तुझा,
बाबा

२० जून

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

उत्तर लिहायला धीर होत नव्हता. जेवणाच्या खोलीत खिडकीजवळ यंत्रवाले बसतात, दाराजवळ रसायनवाले. भुंग्याबद्दल सगळेच मायेने बोलले. तो काम करताना गुणगुणायचा, त्यावरूनच तो आल्याचे कळायचे, असे म्हणाले. जेवणाचे विचारले, तेव्हा यंत्रवाल्यांनी सांगितले की तो रसायनवाल्यांत बसायचा. रसायनवाले म्हणाले, यंत्रवाल्यांत. कोणी खोटे बोलत नव्हते, बाबा. त्यांना खरेच तसे वाटत होते.

त्या खोलीत तिसरे टेबल नाही.

आईला काय सांगायचे ते तुम्हीच ठरवा. माझ्यावरची माया कमी होऊ देऊ नका.

तुमची,
ताई

२७ जून

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

तो सगळ्यांत मिसळून होता, असे तू कळवल्याचे आईला सांगितले. 'मला ठाऊकच होते,' म्हणाली आणि डोळे पुसून कामाला लागली. मी मात्र अजून तुझ्या पत्रापाशीच बसून आहे.

आभाराच्या त्या दोन ओळी आता कोणाला लिहाव्यात? तुलाच लिहितो. पाहणाऱ्याने मध्ये पडू नये, हा तुमच्या कामाचा दंडक तू मला समजावला होतास, आणि नियम मोडण्याचा सल्ला मी आजवर कोणालाही दिलेला नाही. तरीही, त्या खोलीच्या दारातून डबा घेऊन परत फिरणारे कोणी दिसले, तर वही मिट आणि त्याच्यासोबत जाऊन जेव. बोलायला काही सुचले नाही तरी चालेल. शेजारी बसून राहा.

वरिष्ठांनी जाब विचारलाच, तर वडिलांनी सांगितले होते, म्हणून सांग.

तुझा,
बाबा