चांदी आणि हिरवी झेंडी

धाराशिव
५ जानेवारी २०२६

तीर्थरूप आप्पांस,
समृद्धीचा शि. सा. नमस्कार. वि. वि. फोनवर घाबरून माझं अर्धं सांगायचं राहतं, म्हणून हे पत्र सोनारीला काकांच्या दुकानावर धाडते.

मी राखते ते रेल्वेचं गेट पंधरा तारखेला कायमचं बंद होतंय. रुळांखालून भुयारी रस्ता झालाय. कुणी सवयीनं रूळ ओलांडू नये म्हणून महिनाअखेरपर्यंत मी तिथंच, मग स्टेशनवर काम. पण तुम्ही कळप घेऊन परत याल तेव्हा मेंढरं त्या अंधारात शिरतील का? बिचकून रुळांवर चढली तर? विजेच्या इंजिनाचा आता लांबून आवाजही येत नाही. एक दिवस गेट उघडा म्हणून साहेबांना विचारता येईल, पण घरच्या कळपासाठी सवलत मागायला मन धजत नाही. काय करू ते कळवावं.

आपली लेक,
समृद्धी

सोनारी
१० जानेवारी

चि. समृद्धीस,
आप्पाचा आशीर्वाद. इकडं समदी खुशाल हैत. तू पहिल्यापासनं अशीच, ढग दिसायच्या आधी घोंगडं पांघरतीस.

साहेबाला काय बी इचारू नगंस. मेंढरं शेळीमागं जात्यात, अन् आपली चांदी तुझ्या हातनं दूध पिऊन वाढल्याली. तू भुयाराच्या पल्याड उभी ऱ्हा. येवढी आगगाडी सांभाळतीस, तुला शेळीचं कसलं भ्या? वीस तारखेच्या सुमारास येतूय. भाकरी जास्त कर.

तुझा बाप,
सिदू

धाराशिव
२२ जानेवारी

तीर्थरूप आप्पांस,
शि. सा. नमस्कार. तुम्ही कळप घेऊन घाईनं गावाकडं गेलात, म्हणून राहिलेलं लिहिते.

वाहनं थांबवून झाली हे तुम्हाला कळावं म्हणून मी पलीकडून हिरवी झेंडी धरली, आणि चांदी भुयाराच्या तोंडाशीच खिळली. मागून मेंढरांचा रेटा. दोन कोकरं रुळांच्या चढावर निघालीसुद्धा. तुम्ही ओरडलात की ती झेंडी आधी खाली घाल, तेव्हा उमगलं. गाडीला हिरवी दाखवते तेव्हा गेट बंद असतं. चांदी इतके दिवस तेवढंच शिकली होती, हिरवं दिसलं की थांबायचं.

झेंडी गुंडाळून पाठीमागं धरली, हाक मारली, तशी ती आली आणि तिच्यामागं सगळा कळप, कोकरंही. मधेच वरून गाडी धडधडत गेली. माझा हात सवयीनं वर निघाला होता. गाडीला आता माझी झेंडी नको होती, मेंढरांनाही नको होती. जरा वाईट वाटलं. पण खूप दिवसांनी जेवण गोड लागलं.

गेट गेलं तरी माझी लेक मेंढरं अडवतीच, असं तुम्ही चहावाल्याला सांगितलंत म्हणे. पुढच्या खेपेला मी स्टेशनवर असेन. चांदीला तसं सांगून ठेवा.

माया आहेच, ती कळपासारखी राखावी.

आपली,
समृद्धी