सहदेवच्या गिटारचं लाकूड

४ मार्च १९८४, रविवार

मुलुंडला वखारीत गेलो. सहदेवला नेलं. हॉस्पिटलातून सुटल्यापासून धाकटा भाऊ पहिल्यांदाच बाहेर पडला — दोन जिने उतरताना तीनदा थांबला. पण गिटार त्याची, लाकूड त्यानेच निवडायला हवं! मी सुतार; कपाटं, देव्हारे आयुष्यभर केले, इलेक्ट्रिक गिटार कधी नाही.

अंगासाठी तूनचं लाकूड घेतलं. हलकं, तांबूस, ठोकलं की घुमतं. सहदेवने गालाला लावलं. "झकास!" साग नको म्हणाला, खांद्याला झेपणार नाही. पूर्वी असलं बोलला नसता.

मग मानेसाठी शिसम. वखारवाल्या कुंडलिकशेठनी पट्टी टोकाला धरून पेराने वाजवली — घंटेसारखी खणखणली! मी सहदेवकडे बघितलं.

"ह्यां मेलेलां आसा, दादा. वाजणा नाय," तो आमच्या मालवणीत म्हणाला.

शेठ हसले. त्यांना वाटलं, घासाघीस चाललीय.

"हो, मेलेलंच," मी म्हटलं. पट्टी तिथेच ठेवून निघालो.

५ मार्च

डॉक्टर जानेवारीत मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "कानात शिटी वाजली, ऐकू कमी आलं, तर लगेच सांगा. हे इंजेक्शन कान खातं. थांबवावं लागेल."

थांबवलं तर?

"दोनदा गोळ्या अर्ध्यावर सोडल्यात त्याने. आता त्या लागू पडत नाहीत. उरलंय ते हेच."

ऑर्केस्ट्राबरोबर गावोगाव फिरायचा, गोळ्या घरी राहायच्या. क्षय असा सोडतो होय!

आधी बारीक, उंच आवाज जातात म्हणे. अजून दोन महिने इंजेक्शनं आहेत.

डॉक्टरांना सांगितलं नाही. सहदेवलाही नाही.

११ मार्च

एकटा जाऊन तीच शिसमाची पट्टी आणली.

२ एप्रिल

सहदेव भिंतीला धरून चालतो. सुगंधा म्हणाली, "अहो, भावजींना हाक मारली तर वळत नाहीत." बायकोलाही खरं सांगितलं नाही. म्हटलं, अशक्तपणा आहे.

मान तासून झाली. इतकी सरळ मान कुणाच्या गिटारला नसेल.

१९ एप्रिल

"दादा, कानात पाणी गेलंय वाटतं. डॉक्टरांना विचारू?"

"मी विचारलंय. जाईल."

विचारलं नव्हतं. आई गेली तेव्हा हा सहा वर्षांचा. मी न्हाऊ घातलं, मी शाळेत सोडलं. याला पोचवायला स्मशानात जाणं — नाही! ते माझ्याच्याने होणार नाही.

६ मे

इंजेक्शनं संपली. गिटारला तारा चढवल्या. ऑर्केस्ट्रातला दशरथ अॅम्प्लिफायर घेऊन आला. सहदेवने दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता.

वाजवू लागला. आवाज वाढवला. अजून वाढवला. शेजारच्या रत्नप्रभाकाकूंनी खिडकी लावून घेतली. दशरथ माझ्याकडे बघू लागला. सुगंधाने तोंडाला पदर लावला.

"दादा, वायर तुटलीय काय रे?"

तो ओरडत होता. आपण ओरडतोय हे त्याला कळत नव्हतं.

मी अगदी कानाशी जाऊन सांगितलं, "तून ओलं राहिलं असेल. सुकू दे."

तीस वर्षं सुतारकाम करतोय. चांगल्या लाकडाला यंदाच नावं ठेवली, आज दुसऱ्यांदा.

२३ जून

आता काहीच ऐकू येत नाही. गिटार त्याने स्वतःच कपाटावर ठेवली. मला काही विचारलं नाही. त्याने विचारावं, असं रोज वाटतं.

१८ ऑगस्ट

थुंकीची तपासणी पुन्हा साफ. वाचला! डॉक्टरांनी त्याला कागदावर लिहून दाखवलं — बरे झालात. कानांचं वाईट वाटतं, त्रास सुरू होताच कळवा म्हणून तुमच्या दादांना सांगून ठेवलं होतं.

सहदेवने दोनदा वाचलं. पेन्सिल मागितली. खाली लिहून कागद माझ्यापुढे सरकवला.

"मला विचारायचं होतंस."