बारीक लिहिलेले सूर

४ डिसेंबर १९९८

लाडक्या इनेसला,
बाबाचे अनेक आशीर्वाद.

झुरिकहून तुझं पार्सल पोचलं. चॉकलेटं आईने माझ्यापासून लपवली आणि कुठे लपवली ते स्वतःच विसरली. इकडे गुडघाभर बर्फ आहे. नाताळचे केक यंदा दोनच केले. आई खिडकीशी बसून हुकूम सोडत होती आणि पीठ मी मळत होतो. कसे झाले असतील ते समजून घे.

चर्चमध्ये यंदाही आम्ही चौघंच: वाल्ट्राउटची बासरी, आईचं क्लॅरिनेट, झायडल मास्तरांचा खर्जातला बासून आणि माझं हॉर्न. तीन जुनी नाताळगीतं मी चौघांसाठी बसवली आहेत. मेंढपाळांचं गाणं तर फारच छान उतरलंय. वाल्ट्राउट म्हणते, "लोथार, स्वतःला सपाट रस्ता, आणि आम्हाला सगळे घाट!" खोटं नाही. जन्मभर कारखान्यात दुसऱ्यांची वाद्यं घडवली, पण माझं हॉर्न अजून माझं ऐकत नाही.

आईची तब्येत बरी आहे. म्हणजे खोकला आहे. फोनवर तू विचारतेस तेव्हा ती शेजारीच असते, म्हणून मी "छान, छान" म्हणतो. हे पत्र तिसऱ्यांदा लिहितोय. आधीची दोन इथवर येऊन शेगडीत गेली.

इनेस, आई बरी नाही. तिची फुफ्फुसं कडक होत चालली आहेत आणि त्यावर औषध नाही. ऑक्टोबरमध्ये डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "क्लॅरिनेट आता विसरा. वसंत बघितला तर नशीब." आईला मी सांगितलं, सूज आहे, उतरेल. एकेचाळीस वर्षांच्या संसारात एवढं मोठं खोटं पहिलंच. भित्रा आहे गं तुझा बाप.

तोंडाने खोटं बोललो, पण गाणी लिहिताना हाताला ते जमलं नाही. कुणी ऐनवेळी आलं नाही तर त्याची ओळ दुसऱ्याने उचलावी, म्हणून ती दुसऱ्याच्या पानावर बारीक लिहून ठेवतात. लहानपणी तू त्या बारीक सुरांना पिल्लं म्हणायचीस, आठवतं? आईची अख्खी ओळ मी तशी वाटून टाकली. उंच सूर बासरीच्या पानावर, खालचे बासूनच्या. एकही सुटू दिला नाही. तिला संशय नको म्हणून तिचं पानही नेहमीसारखं पुरं लिहिलं.

आणि मी गाढव, चारही पानं तपासायला तिच्याच हातात दिली! माझ्या चुका इतकी वर्षं तीच काढते ना. सवयीने हात पुढे झाला.

मंगळवारची गोष्ट. तिने चष्मा लावला. वाल्ट्राउटचं पान पाहिलं, मास्तरांचं पाहिलं, पुन्हा वाल्ट्राउटचं पाहिलं. मी बटाटे सोलत होतो.

"काय रे लोथार, माझी पिल्लं शेजारीपाजारी वाटलीस होय?"

"असू देत म्हटलं. ऐनवेळी खोकला आला तर..."

"सगळीच्या सगळी?"

मी सालं गोळा करायला लागलो.

"मास्तर ब्याऐंशीचे. वाजवता वाजवता डुलकी काढतात. त्यांचा एक सूर नाही वाटलास. माझेच बरे वाटलेस!"

सोललेला बटाटाच पुन्हा सोलत बसलो. वाटलं, आता रडेल, पानं फेकेल. फेकली असती तर बरं झालं असतं. तिला खोकल्याची उबळ आली, ती बराच वेळ थांबेना. मग पाणी प्यायली आणि म्हणाली, "किती दिवस?"

"वसंतापर्यंत, म्हणाले."

"बरं." वाल्ट्राउटचं पान डोळ्यांजवळ धरून म्हणाली, "मग हे असलं बारीक कशाला लिहिलंस? वाल्ट्राउटला दिसणार आहे का? मोठं लिही."

"आणि तुझ्या पानावर?"

"विराम लिही. माझी खुर्ची मात्र हलवायची नाही, सांगून ठेवते. विराम मोजायला काही फुफ्फुसं लागत नाहीत."

काल दिवसभर बसून सगळं नव्याने लिहिलं. आईचे सूर आता दुसऱ्यांच्या पानांवर ठळक आहेत. गाणं कुठे अडणार नाही. ऐकणाऱ्यांना काही कमी आहे हे कळणारसुद्धा नाही, आणि इनेस, मला तेच सहन होत नाही. तिच्या पानावर वरपासून खालपर्यंत नुसते विराम, वाजवायला एकही सूर नाही. ते लिहिताना दोनदा उठून बाहेर जाऊन आलो.

संध्याकाळी तिने तेही पान तपासलं. बोट ठेवून एकेक विराम मोजला. तिसऱ्या ओळीत एक कमी पडला होता. तो तिने स्वतःच्या हाताने लिहिला.

नाताळपर्यंत थांबू नकोस. ये.

तुझा,
बाबा