शंतनूरावांचं पिस्तूल रुळवताना

ॲन आर्बर,
तुळशीचं लग्न उरकल्यावर

सौ. चारुताताई यांस लताचा सप्रेम नमस्कार.

आम्ही सर्व ठणठणीत आहोत. तुमचा गुडघा काय म्हणतो, आणि भाऊसाहेबांचं पथ्य ते स्वतः पाळतात की अजून तुम्हालाच पाळावं लागतं, ते सविस्तर कळवा. इथे थंडी अशी पडली आहे की माझं केसांचं खोबरेल सकाळी चमच्याने खरवडून काढावं लागतं, म्हणून बाटलीचा मुक्काम शेगडीशेजारी हलवलाय. पत्र लिहायचं कारण असं, की फोन मला शंतनूरावच लावून देतात आणि मग शेजारी बसून राहतात. विषय त्यांचाच आहे.

तुमचे चिरंजीव उन्हाळ्यात अमेरिकेचे नागरिक झाले, त्याचे पेढे तुम्ही गल्लीभर वाटलेत. नागरिक झाल्यावर माणूस मत देतो, कर भरतो. यांनी पिस्तूल आणलं. निमित्त काय, तर दारातून पार्सल चोरीला गेलं. त्यात कुत्र्याचं खाणं होतं. आपल्याकडे कुत्रा नाही, ते शेजाऱ्यांचं चुकून आपल्या दारात पडलं होतं. पण शंतनूराव म्हणाले, आज कुत्र्याचं खाणं गेलं, उद्या काय जाईल. (कुत्रा जाईल, असं ओठांवर आलं होतं. पण जावयाच्या घरी राहते, जीभ आवरून असते.) हे तेच ना, जे दिवाळीत टिकल्यांचं पिस्तूल वाजलं की तुमच्या पदराआड जायचे?

वस्तू म्हणाल तर चकलीच्या सोऱ्याहून लहान. कमरेला, सदऱ्याच्या आत लपवून बाळगायची. त्यासाठी त्यांनी वर्ग केला, परवाना काढला, सगळं कायदेशीर, आणि पिस्तुलाला कुलपाची लोखंडी पेटी आणली. (माझे दागिने अजून पिठाच्या डब्यात आहेत.) सल्लागार उल्हास म्हणून नागपूरचे एक मित्र, सोमवार ते शुक्रवार संगणकावर, शनिवार-रविवार सेनापती. त्यांनी सांगितलं, "काकू, नवीन गन लगेच ट्रस्ट नाही करायची. आधी ब्रेक-इन करावी लागते." म्हणजे खोकी भरभरून गोळ्या झाडायच्या, मग ती रुळते. मी म्हटलं, नव्या बिडाच्या तव्यासारखं, पहिली धिरडी चिकटतात तसं. ते म्हणाले, एक्झॅक्टली. मी विचारलं, मग चोर नेमका पहिल्या धिरड्याला आला तर? उल्हासराव म्हणाले, "काकू, तुम्ही पण ना यार."

पिस्तूल रुळेल तेव्हा रुळेल, आधी जावईच रुळवावे लागले. सवय व्हावी म्हणून ते रिकामं पिस्तूल कमरेला लावून घरभर हिंडायचे. सोफ्यावर बसले की उसण भरल्यासारखे तिरके. वाकता येत नाही, म्हणून भांडी मशीनमध्ये लावणं बंद. (ही सोय त्यांनी फार मनावर घेतली.) इथपर्यंत मला करमणूकच होती. पण आपली अनिका शाळेतून आली की धावत जाऊन बापाच्या कमरेला मिठी मारते, ते तुम्ही पाहिलंय. त्या दिवशी ती धावली आणि यांनी हात आडवा केला. "नॉट हिअर, बेटा." पोरगी तिथेच थबकली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आजी, इज बाबा हर्ट?" मी म्हटलं, थोडासा.

रात्री नीलांबरीने शंतनूरावांना सुनावलं. माझी लेक म्हणून सांगत नाही, पण ओरडली नाही. म्हणाली, "रविवारी रेंजवर न्या. एकदाही न अडकता चाललं तर राहील घरात. एकदा जरी अडकलं तर परत दुकानात." यांनी कबूल केलं. उल्हासरावांनी सांगितलेली कंपनी, अडकतंय कशाला.

शनिवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर पिस्तुलाचे सुटे भाग मांडून शंतनूराव व्हिडिओ बघत होते. मान वर न करता म्हणाले, "आई, तेलाची बाटली द्या ना." शेगडीशेजारची माझ्या हाताला आली, ती मी दिली. यांनी सढळ हाताने ओतलं. वर म्हणाले, वास छान आहे. जावई एवढे शिकलेले, मी मध्ये काय बोलणार?

रात्रभर पिस्तूल पेटीसकट गाडीच्या डिकीत होतं. अनिकाला मैत्रिणीकडे सोडून आम्ही गेलो. मक्याच्या कापलेल्या शेतापलीकडे उघड्यावरची रेंज, म्हणजे गोळ्या झाडायचं मैदान, वारा असा की डोळ्यांत पाणी. पहिली गोळी सुटली. पिस्तुलाचा वरचा भाग मागे गेला आणि पुढे यायचं विसरला. उल्हासराव म्हणाले, ग्रिप लूज आहे. शंतनूरावांनी दात-ओठ खाऊन धरलं, पुन्हा अडकलं. मग गोळ्या स्वस्तातल्या, मग मनगट कच्चं, मग श्वास चुकला. तुमच्या मुलाच्या अंगातला एकही अवयव त्यांनी सोडला नाही. शेवटी रिकामं करून उघडलं, तर आत पांढराशुभ्र लोण्यासारखा थर. उल्हासरावांनी बोट लावून हुंगलं.

"काकू, यातून नारळाचा वास का येतोय?"

मी मक्याच्या शेताकडे बघत होते.

शंतनूराव म्हणाले, मग यात पिस्तुलाचा काय दोष? ते तर तेलामुळे अडकलं. नीलांबरी म्हणाली, "बरोबर. पिस्तुलाचा काहीच दोष नाही. डोक्याला लावायचं तेल कुठलं हे ज्याला कळत नाही, त्याच्या कमरेला ते नको." उल्हासरावांनी एकदम आपल्या बुटाची नाडी बांधायला घेतली.

सोमवारी ते पुसून-पासून दुकानात परत गेलं. मंगळवारी अनिका धावत आली, जोरात आपटली, आणि शंतनूरावांनी तिला उचलून घेतलं. नंतर भांडीही लावली.

घरात जो ज्या मानाचा त्याला तो नमस्कार-आशीर्वाद वाटून द्या, उरला तर तुम्ही ठेवा.

तुमची,
लता

ता. क. तुमच्या मुलाला रागावू नका. भित्रा नाही हो, काळजी करतो एवढंच. तुमच्यावर गेलाय.

ता. क. दुसरा : काल उल्हासराव येऊन गेले. आता दुसऱ्या कंपनीचं बघताहेत, म्हणे ते कसल्याही थंडीत अडकत नाही. तुमची राधिका जानेवारीत भावाकडे यायची आहे ना, तिच्याबरोबर खोबरेलाचा एक मोठा डबा पाठवा. इथल्या दुकानात मिळतं, पण त्या बाटलीवर लिहिलंय की ते कधीच थिजत नाही. ते काय कामाचं? आपल्या घाण्यावरचं पाठवा.